ड्वाइट यॉर्क: ट्रेबलनंतरची सात वर्षं

धागाकर्ता: डावखुरा_बॅक

त्रिनिदाद-टोबॅगोचा फुटबॉलपटू ड्वाइट यॉर्कचं नाव निघालं की आपल्याकडच्या गप्पा १९९८-९९ च्या हंगामापाशी सुरू होतात आणि तिथंच संपतात. मँचेस्टर युनायटेडचं ट्रेबल (एकाच हंगामात लीग, एफए कप आणि युरोपची चॅम्पियन्स लीग), आघाडीवर अँडी कोलबरोबरची जोडी, ते कायमचं हसू. हे सगळं खरंच आहे आणि त्यावर मीही जीव टाकतो. पण मला आज वेगळं मांडायचं आहे. माझ्या मते यॉर्कचा सगळ्यात मोठा हंगाम २००५-०६ चा. त्या वर्षी त्याच्या नावावर फार गोल नव्हते. तो आघाडीवर खेळतही नव्हता. तरीही त्या एका वर्षात त्याने जे केलं ते त्याच्या आधी त्रिनिदाद-टोबॅगोच्या कुणाला जमलं नव्हतं.

मुळापासून सांगतो, म्हणजे सगळ्यांना सोबत येता येईल.

यॉर्क त्रिनिदादचा नाही, टोबॅगोचा. कनान नावाचं गाव, जन्म ३ नोव्हेंबर १९७१. देशाच्या नावात दोन बेटं असली तरी माणसं, पैसा, मैदानं, सगळं त्रिनिदादकडे. टोबॅगोच्या पोराने राष्ट्रीय संघात शिरणं हीच मुळात मोठी गोष्ट. सिग्नल हिलच्या शाळेत बर्टिल सेंट क्लेअर या प्रशिक्षकांच्या हाताखाली तो तयार झाला. १९८९ मध्ये ॲस्टन व्हिलाचा संघ कॅरिबियन दौऱ्यावर गेला, तिथे ग्रॅहम टेलर यांनी या पोराला पाहिलं आणि चाचणीसाठी बर्मिंगहॅमला बोलावलं. टेलर यांचा संघ त्या दौऱ्यावर गेलाच नसता तर? त्या काळी टोबॅगोत खेळाडू शोधायला कुणी जात नव्हतं.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अमेरिकेविरुद्धचा सामना झाला. त्रिनिदादला १९९० च्या विश्वचषकासाठी फक्त बरोबरी हवी होती. अख्खं स्टेडियम लाल कपड्यांत. पॉल कॅलिजुरीने लांबून मारलेला एक चेंडू आत गेला आणि सगळं संपलं, ०-१. एवढं होऊनही तिथले प्रेक्षक इतक्या सभ्यपणे वागले की फिफाने त्यांना फेअर प्ले पुरस्कार दिला. नुकताच अठरा पूर्ण केलेला यॉर्क त्या संघात होता, रसेल लॅटापीही होता. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

व्हिलात त्याची नऊ वर्षं गेली. सुरुवातीला त्याला बगलेवर खेळवत. ब्रायन लिटल यांनी १९९५-९६ मध्ये त्याला मधोमध आघाडीवर आणलं आणि त्या हंगामात त्याने लीगमध्ये १७ गोल केले. लीग कपच्या अंतिम सामन्यात लीड्सला ३-० हरवलं, त्यातही एक गोल त्याचा. ऑगस्ट १९९८ मध्ये युनायटेडने त्याच्यासाठी १ कोटी २६ लाख पौंड मोजले. व्हिलाचे तेव्हाचे मॅनेजर जॉन ग्रेगरी यांचा संताप वर्तमानपत्रांत गाजला होता.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. पहिल्याच हंगामात लीगमध्ये १८ गोल आणि गोल्डन बूटमध्ये मायकल ओवेन व हॅसलबाइंक यांच्याबरोबर वाटा. युरोपात इंटर मिलानविरुद्ध बेकहॅमच्या क्रॉसवर दोन हेडर. तूरिनमध्ये युव्हेंटस अकरा मिनिटांत दोन गोलांनी पुढे गेलेला असताना कर्णधार रॉय कीनने एक फेडला, यॉर्कने बरोबरी साधली आणि शेवटी कोलने विजयाचा गोल केला. २६ मे १९९९ च्या बार्सिलोनातल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो पूर्ण वेळ मैदानावर होता.

त्यानंतर उतरण लागली, पण ती एका रात्रीत नाही. १९९९-२००० मध्ये लीगमध्ये २० गोल आहेत, हे लोक विसरतात. फेब्रुवारी २००१ मध्ये आर्सेनलला ६-१ धुतलं तेव्हा हॅटट्रिक त्याचीच होती. मग नवा आघाडीवीर व्हॅन निस्टलरॉय आला आणि यॉर्कची जागा गेली. ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम सिटी. २००४ च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमकडून पुन्हा ब्लॅकबर्नच्या मैदानावर गेला असता सराव करताना त्याच्यावर वंशवादी शेरेबाजी झाली, तीही ज्या क्लबसाठी तो दोन वर्षं खेळला त्याच्याच काही प्रेक्षकांकडून. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. बऱ्याच जणांनी इथे बूट टांगले असते.

इथून पुढचा यॉर्क मला जास्त जवळचा वाटतो.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियात ए-लीग नव्याने सुरू झाली. सिडनी एफसीने त्याला नेलं. तिथे तो हळूहळू मागे सरकत मधल्या फळीत आला. वेग कमी झालाय हे त्याने ओळखलं होतं. चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचं, खेळाची चाल ठरवायची. त्याच वर्षी देशाच्या संघातही तेच. पात्रता फेरीच्या शेवटच्या टप्प्यात त्रिनिदादची सुरुवात इतकी वाईट झाली की प्रशिक्षकाला काढावं लागलं. आणि ते प्रशिक्षक कोण, तर बर्टिल सेंट क्लेअर, यॉर्कचे शाळेपासूनचे गुरू. त्यांच्या जागी डच प्रशिक्षक लिओ बेनहाकर आले. त्यांनी सदतिशीकडे झुकलेल्या लॅटापीला परत बोलावलं आणि यॉर्कच्या हाती संघाची दोरी दिली.

ऑक्टोबरात मेक्सिकोला घरी २-१ हरवलं, दोन्ही गोल स्टर्न जॉनचे. मग बहरीनशी प्लेऑफ. घरच्या मैदानावर १-१, ख्रिस बर्चलचा लांबून मारलेला गोल. १६ नोव्हेंबर २००५ ला बहरीनच्या मनामात यॉर्कने कॉर्नर घेतला आणि रेक्सहॅमकडून खेळणाऱ्या उंचापुऱ्या डेनिस लॉरेन्सने तो डोक्याने आत घातला. १-०. १९८९ च्या त्या दुपारनंतर सोळा वर्षांनी.

१० जून २००६ ला डॉर्टमुंडमध्ये स्वीडन समोर. इब्राहिमोविच, लार्सन, ल्युंगबर्ग. सरावातच गोलरक्षक केल्व्हिन जॅकला दुखापत झाली, ऐनवेळी शाका हिसलॉप उभा राहिला. उत्तरार्ध सुरू होताच एव्हरी जॉनला लाल कार्ड. दहा जणांनी अख्खा उत्तरार्ध काढला, ०-०. बचावफळीसमोर खुंटा रोवून यॉर्क खेळला आणि सामनावीरही तोच ठरला. ज्याने बार्सिलोनाच्या कॅम्प नू मैदानावर गोल केले त्या माणसाने तेव्हाच्या विश्वचषकांतल्या सगळ्यात कमी लोकसंख्येच्या देशासाठी चौतिसाव्या वर्षी चेंडू अडवायचं काम केलं. हा सामना कुठे मिळाला तर पूर्ण बघा, फक्त हायलाइट्स नकोत. त्याचं काम हायलाइट्समध्ये दिसत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

पोर्ट_ऑफ_स्पेन_७१

धागा सुरेख. आमच्या पिढीला पोर्ट ऑफ स्पेन म्हणजे फक्त वाडेकरांचा संघ आणि गावसकर. १९७१ च्या मार्चमध्ये आपण तिथे वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं आणि पदार्पणाच्या मालिकेत गावसकरांनी ७७४ धावा काढल्या. यॉर्कचा जन्म त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातला हे आज कळलं.

एक भर घालते. यॉर्कचा भाऊ क्लिंट यॉर्क त्रिनिदाद-टोबॅगोकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला आहे. आणि ब्रायन लारा हा यॉर्कचा जवळचा मित्र. १९९४ मध्ये लाराने वॉरविकशायरकडून नाबाद ५०१ केल्या त्या एजबॅस्टनवर, म्हणजे बर्मिंगहॅममध्येच. तेव्हा यॉर्क त्याच शहरात व्हिलासाठी खेळत होता. एवढ्याशा देशातली दोन मुलं एकाच परक्या शहरात, एक उन्हाळ्याच्या खेळाचा आणि एक हिवाळ्याच्या. त्या काळात घरापासून लांब राहताना दोघांना एकमेकांचा किती आधार वाटला असेल.

पेठेतला_गोली

कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडे तालमींच्या फुटबॉलला शाहू स्टेडियम भरतं, त्यामुळे या धाग्यावर आलो नाही तर घरचे विचारतील.

डावखुरा भाऊ, मुद्दा पटला तरी एका बाबतीत तुम्ही पटकन पुढे सरकलात. कोल आणि यॉर्क ही जोडी नुसती "पुढचं पाठ आहे" म्हणून सोडायची गोष्ट नाही. नोव्हेंबर १९९८, बार्सिलोना, ३-३. कोलचा गोल आठवा. कीनने पास दिला, यॉर्कने चेंडूला स्पर्शच केला नाही, पायांमधून जाऊ दिला. मागे कोल. कोलने यॉर्कला दिला, यॉर्कने एका स्पर्शात परत, कोलने गोल. बचावपटू दोघांच्या मध्ये उभे राहून बघत होते. ही समज सरावाने येते हे मान्य, पण त्याला मनाचा मोठेपणाही लागतो. गोलसमोर चेंडू सोडून देणारा आघाडीवीर मी आमच्या पेठेत अजून पाहिलेला नाही!

आणि माझं म्हणणं असं की २००६ चा यॉर्क याच १९९८ च्या यॉर्कमधून आला. तो आधीपासूनच दुसऱ्यासाठी जागा करणारा खेळाडू होता. मधल्या फळीत गेला तेव्हा नवीन काही शिकला असं नाही, जे होतं ते वापरलं.

१९९९ च्या त्या अंतिम सामन्याच्या रात्री आपल्याकडे सव्वाबाराला खेळ सुरू झाला होता. बायर्नच्या बासलरचा गोल सहाव्या मिनिटाला. झोपायला गेलेल्यांची नावं आमच्या तालमीत आजही घेतली जातात.

डावखुरा_बॅक

पेठेतला_गोली, हा फार मोलाचा प्रतिसाद. "जे होतं ते वापरलं" याला पूर्ण अनुमोदन. त्या डमीचा (चेंडू सोडून देण्याच्या हुलकावणीचा) आणि डॉर्टमुंडच्या सामन्याचा संबंध मी असा जोडलाच नव्हता.

रानजाई

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. यॉर्कबद्दल प्रेम मलाही आहे, पण त्याची कारकीर्द पूर्ण झाली असं मला वाटत नाही. तिशीच्या आतच युनायटेडमधलं त्याचं स्थान गेलं. मॅनेजर फर्ग्युसन यांच्या शिस्तीत तो बसला नाही आणि मैदानाबाहेरच्या गोष्टींचा बोभाटा झाला. २००१-०२ मध्ये लीगमध्ये फक्त एक गोल. व्हॅन निस्टलरॉय आला म्हणून जागा गेली हे अर्धं कारण. ज्या खेळाडूने दोन वर्षांत ३८ लीग गोल केले त्याची जागा सहजासहजी जात नाही.

सिडनीचं म्हणाल तर नव्या लीगला पोस्टरवर एक चेहरा हवा होता. त्याला कारकिर्दीचं शिखर म्हणणं मला जड जातं.

त्याच पिढीतला तिथला सगळ्यात हुशार खेळाडू विचाराल तर माझं मत लॅटापीला. पोर्तुगालमध्ये अकादेमिका, मग पोर्टो, बोआविश्ता. मग स्कॉटलंडमध्ये हिबर्नियन, रेंजर्स, फॉल्कर्क. "छोटा जादूगार" म्हणायचे त्याला. इंग्लंडच्या मोठ्या क्लबात तो खेळला नाही म्हणून आपल्याकडे त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

सिडनी_पश्चिम

रानजाई ताई, लॅटापीबद्दल सहमत, सिडनीबद्दल अजिबात नाही.

मी इथे पश्चिम उपनगरात राहतो, आमचं महाराष्ट्र मंडळही याच भागातलं, आणि इथल्या फुटबॉलप्रेमींशी बोललात तर यॉर्कचं नाव वेगळ्याच आदराने निघतं. इथे रग्बी लीग आणि क्रिकेट यांच्यामध्ये फुटबॉल कायम सावत्र. जुनी राष्ट्रीय लीग बंद पडली होती आणि नवीन टिकेल का याचीच शंका होती. पहिल्याच फेरीत मेलबर्नविरुद्ध गोल त्याने केला. डिसेंबर २००५ मध्ये सिडनीचा संघ जपानला क्लब विश्वचषकात गेला आणि इजिप्तच्या अल अहलीला २-१ हरवून पाचवा आला, त्यात एक गोल यॉर्कचा. मार्च २००६ च्या अंतिम सामन्याला ४१ हजारांवर लोक होते. स्टीव्ह कोरिकाचा एकमेव गोल, त्याच्याआधीची करामत यॉर्कची, आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं जो मार्स्टन पदकही त्यालाच.

पोस्टरवरचा चेहरा पदक जिंकत नाही.

शिवाय हा सगळा प्रवास बघा. सिडनीहून पोर्ट ऑफ स्पेनला, तिथून मनामाला, परत सिडनीला, मग जपानला. नोव्हेंबर ते डिसेंबर, चौतिशीतल्या पायांनी. विमानात इतके तास बसून उतरल्यावर पायांची काय अवस्था होते हे इथून पुण्याला जाणाऱ्या कुणालाही विचारा.

तो पुन्हा इथे आलाही. २०२२ मध्ये आमच्या भागातल्या मॅकार्थर एफसीचा प्रशिक्षक म्हणून. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलिया कप जिंकून दिला. २०२३ च्या जानेवारीत मात्र तो क्लब सोडून गेला.

रानजाई

पदकाचं माहीत नव्हतं, ते मान्य. २००१ नंतरच्या ढासळण्याबद्दलचं मत मात्र मी बदलत नाही. त्या वर्षी देशाच्या महासंघाशीही त्याचं बिनसलं होतं आणि काही काळ तो राष्ट्रीय संघापासून लांब राहिला. त्या काळात त्रिनिदाद फिफाच्या क्रमवारीत पंचविसाव्या स्थानापर्यंत पोचलं होतं. तो, लॅटापी, स्टर्न जॉन एकत्र आणि एकदिलाने राहिले असते तर २००२ चा विश्वचषक कदाचित २००६ च्या आधीच आला असता.

कागदपत्र_तपासून

मी ब्रिटनमध्ये स्थलांतराच्या कायद्याचं काम करतो, त्यामुळे हा धागा वाचताना मला पहिलं आठवलं ते वर्क परमिट. यावर कुणी बोललं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॅरिबियन फुटबॉलपटूच्या आयुष्यात प्रशिक्षकाइतकंच वजन या कागदाला असतं.

२००० च्या दशकात नियम साधारण असा होता: युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूने गेल्या दोन वर्षांत स्वतःच्या देशाच्या अधिकृत सामन्यांपैकी किमान ७५ टक्के सामने खेळलेले हवेत, आणि त्या देशाचं फिफा क्रमवारीतलं सरासरी स्थान पहिल्या सत्तरांत हवं. यात न बसणाऱ्यासाठी क्लबने अपील करायचं, तज्ज्ञांच्या समितीपुढे त्याच्या गुणवत्तेची बाजू मांडायची.

आता हे लहान देशाच्या अंगाने बघा. ब्राझीलच्या खेळाडूला अडचण अशी की संघातच जागा मिळत नाही. त्रिनिदादच्या किंवा जमैकाच्या खेळाडूला संघात जागा मिळते, पण सगळा संघ हरत गेला की क्रमवारी घसरते आणि परमिट धोक्यात येतं. म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये गोलरक्षकाच्या हातून सुटलेल्या चेंडूचा परिणाम स्कॉटलंडमधल्या डंडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आघाडीवीराच्या नोकरीवर होतो. हे अतिशयोक्त वाटेल, पण त्रिनिदादच्या जेसन स्कॉटलंड या आघाडीवीराचं उदाहरण आहे. २००५ मध्ये परमिटचं जमेना म्हणून त्याला डंडी युनायटेड सोडावं लागलं, पुढे सेंट जॉनस्टनकडे त्याची सोय झाली, आणि वर्षभरात तो विश्वचषकाच्या संघात होता.

आणि देशासाठी खेळायला जाणं क्लबला नको असतं. अटलांटिक ओलांडायचा, कुठल्या तरी छोट्या बेटावरच्या कडक मैदानावर खेळायचं, गुरुवारी परत येऊन शनिवारी उभं राहायचं. मॅनेजरचं तोंड वाकडं होणारच. पण गेलं नाही तर ७५ टक्के भरत नाहीत. १ जून २००८ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये इंग्लंडबरोबरच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्रिनिदादचा केनविन जोन्स इंग्लंडचा गोलरक्षक डेव्हिड जेम्सवर आदळला आणि गुडघा गेला. त्याच्या संडरलँड क्लबला पुढच्या हंगामाची सुरुवात त्याच्याशिवाय करावी लागली.

२०२१ पासून गुणांची पद्धत आली, पण देशाची क्रमवारी अजूनही मोजली जातेच.

हे सगळं लक्षात घेतलं की यॉर्कने इंग्लंडमध्ये काढलेल्या वर्षांची किंमत कळते. प्रीमियर लीगमध्ये १२३ गोल. युरोपाबाहेरच्या खेळाडूंमध्ये हा विक्रम पुढे अग्वेरोने मोडेपर्यंत त्याच्याच नावावर होता. ब्राझील नाही, अर्जेंटिना नाही, नायजेरिया नाही. टोबॅगो.

डावखुरा_बॅक

कागदपत्र_तपासून, तुमच्या या प्रतिसादाचा स्वतंत्र धागा व्हावा. याच नियमाच्या चौकटीत सगळ्यात लांब टिकलेला जमैकन म्हणून रिकार्डो गार्डनर आठवतो. किंग्स्टनच्या शाळेतून हार्बर व्ह्यू, १९९८ चा फ्रान्समधला विश्वचषक, आणि त्याच वर्षी बोल्टन. २०१२ पर्यंत तिथेच. चौदा वर्षं एका क्लबात, कधी बगलेवर, कधी डाव्या बचावात. त्याच्यावर कुणी धागे काढत नाही.

संडरलँडचा विषय निघालाच आहे तर: २००६ च्या विश्वचषकानंतर तिथला मॅनेजर झालेल्या रॉय कीनने जुन्या सोबत्याला सिडनीहून तिथे नेलं. यॉर्क, मग स्टर्न जॉन आणि कार्लोस एडवर्ड्स, पुढे केनविन जोन्स. इंग्लंडच्या ईशान्येच्या थंडीत चार त्रिनिदादी! २००७ मध्ये ते दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद जिंकून वर आले. बर्नलीविरुद्धचा एडवर्ड्सचा तो लांबून मारलेला गोल शोधून बघा.

मडगांवकडचो

गोव्यातून नमस्कार. मराठी थोडी इकडतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

त्रिनिदाद-टोबॅगोची लोकसंख्या साधारण तेरा लाख. आमच्या गोव्याची २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख. दोन्हीकडे फुटबॉलचं वेड सारखंच. म्हणून मला हा धागा फार लागला. ते विश्वचषकाला जाऊन आले, आणि आमचे ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखे मोठे खेळाडू परदेशी क्लबात गेले असते तर काय, हा विचार आम्ही करत बसतो.

पण त्रिनिदादचे खेळाडू इकडे आलेत, ते तुम्हाला सांगायला हवं. विलिस प्लाझा ईस्ट बेंगालला होता, मग आमच्या चर्चिल ब्रदर्सला आला. २०१८-१९ च्या आय-लीगमध्ये त्याने २१ गोल केले, चेन्नई सिटीच्या पेद्रो मान्झीबरोबर पहिल्या क्रमांकावर. त्याआधी अँथनी वूल्फ चर्चिलला होता. २०१४ मध्ये फेडरेशन कप जिंकला तो हंगाम. आणि शिलाँग लाजोंगला कॉर्नेल ग्लेन. हा ग्लेन कोण? डॉर्टमुंडला स्वीडनविरुद्ध दहा जणांनिशी खेळताना ज्याचा फटका आडव्या खांबावर आदळला तोच! तो चेंडू दोन इंच खाली असता तर त्रिनिदादने स्वीडनला हरवलं असतं. विश्वचषकात खेळलेला माणूस मेघालयात आपल्या पोरांबरोबर खेळून गेला आणि बाकीच्या देशाला पत्ताही लागला नाही.

हे लोक आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना 'फॉरेनर' एवढंच म्हणतात. गोल केला तर डोक्यावर, दोन सामने कोरडे गेले की विमानाचं तिकीट. त्यांच्या घरी कोण, ते कुठल्या शाळेतून आले, कुणी विचारत नाही. परदेशी खेळणाऱ्या माणसाचं आयुष्य आम्ही यॉर्कसारख्यांचंच बघतो. प्लाझासारखे जास्त आहेत.

पोर्ट_ऑफ_स्पेन_७१

मडगांवकडचो, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

२००६ च्या त्या संघाची यादी बघतानाही हेच जाणवलं. यॉर्क आणि वेस्ट हॅमचा हिसलॉप सोडले तर बरेच जण रेक्सहॅम, पोर्ट व्हेल, लुटन, जिलिंगहॅम, फॉल्कर्क अशा छोट्या क्लबांतले. ही माणसं १५ जूनला न्यूरेम्बर्गमध्ये इंग्लंडसमोर ८३ व्या मिनिटापर्यंत ०-० होती! त्याआधी स्टर्न जॉनचा चेंडू इंग्लंडच्या टेरीने गोलरेषेवरून काढला. मग त्यांच्या क्राउचने त्रिनिदादच्या सँचोचे केस ओढत उडी मारली आणि हेडर घातला. ते बघताना मी टीव्हीसमोर ओरडले होते. रीप्लेमध्ये ते स्पष्ट दिसतं.

कागदपत्र_तपासून

आणि त्या खेळाडूंचं पुढे काय झालं तेही नोंदवायला हवं. विश्वचषकाच्या बोनसवरून त्यांचा महासंघाशी वाद झाला. जॅक वॉर्नर यांचं तिथल्या फुटबॉलवर तेव्हा पूर्ण वजन होतं. खेळाडूंना लंडनमध्ये लवादापुढे जावं लागलं, २००८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी हक्काच्या पैशांसाठी पुढे कित्येक वर्षं झगडावं लागलं. ज्यांनी आवाज उठवला त्यांना राष्ट्रीय संघाची दारं बंद झाली. देशाला पहिल्यांदा विश्वचषकात नेणाऱ्या पोरांशी असं वागलं जातं तेव्हा पुढची पिढी देशासाठी अटलांटिक का ओलांडेल? त्यानंतर त्रिनिदाद विश्वचषकाला गेलेलं नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही.

पेठेतला_गोली

यॉर्क स्वतः देशाचा प्रशिक्षक झाला होता ना? २०२६ च्या पात्रतेत काय झालं?

सिडनी_पश्चिम

२०२४ च्या नोव्हेंबरात त्याची नेमणूक झाली. शेवटच्या टप्प्यात गट होता जमैका, कुरासाव, बर्म्युडा आणि त्रिनिदाद. गट जिंकला कुरासाव या कॅरिबियन बेटाने. १८ नोव्हेंबर २०२५ ला किंग्स्टनमध्ये जमैकाला ०-० रोखून ते विश्वचषकाला पात्र ठरले. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. त्रिनिदादकडे असलेला सगळ्यात लहान देशाचा मान २०१८ मध्ये आइसलँडकडे गेला होता, तो आता यांच्याकडे, आणि तेही यॉर्कच्या गटातूनच.

रानजाई

इथे मला यॉर्कच्या बाजूने बोलावंसं वाटतं. कुरासावच्या संघातले जवळजवळ सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले आणि तिथल्याच अकादमींमध्ये घडलेले. त्यांचं यश खरं आहे आणि आईवडिलांच्या बेटासाठी खेळावंसं वाटणं मला मनापासून आवडतं. पण यॉर्कचा २००६ चा संघ वेगळा होता. बर्चल इंग्लंडचा, हिसलॉप लंडनमध्ये जन्मून त्रिनिदादमध्ये वाढलेला, बाकी बहुतेक सगळे तिथल्या शाळांच्या मैदानांवरून आलेले. हा रस्ता फार अवघड आहे. तो पुन्हा बांधायचा तर आधी शाळांची लीग, प्रशिक्षक आणि महासंघाचा कारभार नीट हवा. वर्षभर प्रशिक्षक राहून एकटा यॉर्क ते करू शकणार नव्हता.

माझं जुनं मत कायम ठेवून हे लिहितेय. युनायटेडमधली शेवटची दोन वर्षं त्याने वाया घालवली असं मला अजूनही वाटतं.

डावखुरा_बॅक

रानजाई, तुमच्या या मतभेदामुळेच धागा चांगला झाला.

शाळेच्या मैदानावरून थेट युरोपात, हा रस्ता मात्र अगदी बंद झालेला नाही. लिव्हाय गार्सिया बघा. त्रिनिदादच्या दक्षिणेतल्या सांता फ्लोरा गावचा. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या एझेड आल्कमारला गेला, तिथून इस्रायल, मग अथेन्सच्या एईकेला. २०२३ मध्ये त्यांनी लीग आणि कप दोन्ही जिंकले, तेव्हा तो संघाचा आधार होता. २०२५ च्या जानेवारीत स्पार्टाक मॉस्कोने त्याला घेतलं. तोही आघाडीवीर, पण गरज पडली की बगलेवर, अगदी मागेही खेळतो.

त्याचे एईकेतले सामने कुणी नियमित पाहिले असतील तर कृपया लिहा, विशेषतः त्या दुहेरी विजेतेपदाच्या हंगामातले. मला गोल पाहायला मिळाले, पूर्ण सामने नाहीत.